दोन पॉइंट एक टन

कार्बन फूटप्रिंट म्हणजे काय, हे मला कुणी तोंडात घास असताना विचारलं तरी सांगता येतं. एखादा माणूस, एखादं घर किंवा एखादी संस्था आपल्या रोजच्या व्यवहारातून वर्षभरात हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्या भाऊबंदांतले वायू सोडते, त्यांचं एकूण वजन म्हणजे कार्बन फूटप्रिंट. मोजायचा टनांत. दोन मार्कांचा प्रश्न आहे. मी हायस्कूलला सव्वीस वर्षं विज्ञान शिकवतोय आणि 'टनांत' हा शब्द विसरणाऱ्याचा अर्धा मार्क मी आजवर न चुकता कापलाय. त्या अर्ध्या मार्कानं असा सूड उगवावा, की माझ्या सोनमचं जमत आलेलं लग्न मोडायची वेळ यावी, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आमची कॉलनी पिंपळीजवळ, बारामती-इंदापूर रस्त्याला लागून. एकूण बत्तीस बंगले. त्यातले तीस बागायतदारांचे. ऊस गावाकडं, बंगला इथं. एकतिसावा आमचा आणि बत्तिसावा बंद असतो. कॉलनीचे चेअरमन झुंबरआबा. वय बहात्तर, कंबर धरलेली, पण एकरी उसाचा आकडा विचारला की ताठ बसतात. त्यांनी एक दिवस मला बोलावून एक फॉर्म पुढं केला. कुठल्याशा संस्थेनं 'हरित वसाहत' स्पर्धा काढली होती. झाडं किती, कचरा कुठं जातो, पावसाचं पाणी अडवता का, असे अकरा रकाने होते. त्यातला नववा होता, 'प्रतिकुटुंब वार्षिक कार्बन फूटप्रिंट'.

"सर, ह्यो नऊ नंबर तुमचा," आबा म्हणाले. "बाकीचं आमी बघतो."

विज्ञानाच्या शिक्षकाला असं कुणी मानानं काही सोपवलं की त्याचं काय होतं, ते विज्ञानाच्या शिक्षकालाच माहीत. लग्नाच्या पंगतीत लोक गणिताच्या सरांना पोराच्या शिकवणीबद्दल विचारतात, मराठीच्या बाईंना मंगलाष्टकं म्हणायला लावतात, आणि आम्हाला विचारतात मिक्सर का गरम होतो. मी तो फॉर्म छातीशी धरून घरी आलो.

पुढचे बारा दिवस मी आणि सोनम घरोघर हिंडलो. सोनम आमची एकुलती एक. एम.एस्सी. झालीय, माती-पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते आणि आकड्यांच्या बाबतीत माझ्यापेक्षा कडक आहे. वर्षाला सिलेंडर किती, लाइट बिलावर युनिट किती, गाडीला पेट्रोल किती, ट्रॅक्टरला डिझेल किती, ऊसतोडणी झाल्यावर रानात उरलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, जाळता का. एकेका गोष्टीला ठरलेल्या आकड्यानं गुणायचं आणि बेरीज मारायची. लोकांनी चहा पाजला, माहितीही दिली. जेसीबी आणि पोल्ट्रीवाल्या इंद्रजितचा आकडा आला एक्केचाळीस टन. झुंबरआबांचा अडतीस. आमचा, म्हणजे तीन माणसं, एक स्कूटर, तीन पंखे आणि एक कुरकुरणारा फ्रीज, मिळून दोन पॉइंट एक. सगळ्या कॉलनीत कमी. मला आतून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू.

त्याच दिवसांत सोनमचं जमत आलं होतं. निरवांगीच्या म्हस्कूतात्यांचा अविराज. घरची बागायत, शिवाय डाळिंबं परदेशी पाठवणाऱ्या एका पॅकहाऊसमध्ये पोरगा सुपरवायझर. दोघं दोनदा बारामतीत भेटून आले होते. दुसऱ्या भेटीनंतर सोनम घरात गुणगुणायला लागली होती, त्यावरून आम्ही काय ते समजलो. आता फक्त म्हस्कूतात्यांनी येऊन घर बघायचं आणि सुपारी फोडायची, एवढंच राहिलं होतं.

"पप्पा, फॉर्मवर नुसती सरासरी टाका," सोनम मला म्हणाली. "यादी कुठं लावू नका."

तिचं ऐकायला हवं होतं. पण निकाल फळ्यावर लावायची सव्वीस वर्षांची सवय. मी चार्टपेपर आणला आणि उतरत्या क्रमानं नावं लिहिली. ज्यांनी सुधारायचंय ते वर. ते ठळक दिसावेत म्हणून पहिल्या तिघांना लाल शाईनं चौकट केली आणि कागद कॉलनीच्या गेटवरच्या बोर्डाला चिकटवून दिला. खाली आपलं नाव बघून मी थोडा वेळ तिथंच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फटाके वाजले. मी दात घासता घासता गेटवर गेलो आणि हबकलोच. इंद्रजित उभा होता, डोक्याला फेटा, गळ्यात झेंडूचा हार, आणि माणसं रांगेनं त्याच्याशी हात मिळवत होती. मला बघितल्याबरोबर तो पुढं आला आणि टूथपेस्टच्या फेसासकट माझ्या तोंडात पेढा कोंबला.

"सर, ह्ये सगळं तुमच्यामुळं," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "एक्केचाळीस टन. वडील असायला पायजे हुते आज."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या भागात बोर्डावर माणसांची नावं आणि पुढं टन असं दिसलं की त्याचा अर्थ एकच होतो. हंगाम संपला की एकरी सगळ्यात जास्त ऊस कुणी काढला त्याची यादी लागते. पहिल्याला फेटा बांधतात, ढाल देतात, पेपरात फोटो येतो. सगळ्यात खालच्याकडं त्याचा सख्खा मेहुणासुद्धा बघत नाही. ही माणसं कळायला लागल्यापासून टन वाचत आलीत आणि मोठा आकडा तो चांगला, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. सव्वीस वर्षं यांच्यात राहून मला एवढं सुचू नये, याबद्दल माझे दोनच्या दोन मार्क कापायला हवेत.

तेवढ्यात काठी टेकत झुंबरआबा आले. रागावले असते तर परवडलं असतं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"सर, माझं डिझेल इंजिन धरलं का?"

"आबा, ते चार वर्षं बंद आहे ना."

"बंद हाय, पर हाय न्हवं?" ते बोर्डाकडं बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "सर, तुमी काटा मारला."

ऊस वजनाला गेला आणि काट्यावर वजन चोरलं, तर त्याला आमच्याकडं काटा मारणं म्हणतात. उसाच्या भागात याच्यापेक्षा वाईट शिवी नाही. ते आईबापावरून बोलले असते तर वयाकडं बघून मी सोडून दिलं असतं. पण काटा मारला म्हणणं, आणि तेही एका शिक्षकाला? मी तिथल्या तिथं जाहीर केलं, की संध्याकाळी समाजमंदिरात सभा होईल आणि मी या संज्ञेचा अर्थ आणि वापर सोदाहरण समजावून सांगेन.

सभेला झाडून सगळे आले. मी फळा लावला. सूर्य काढला, पृथ्वी काढली, वायूंची गोधडी काढली आणि ती जाड झाली की खाली कसं उकडतं ते दाखवलं. शेवटी टेबलावर हात आपटून सांगितलं, "म्हणून हा आकडा जितका कमी, तितकं चांगलं."

मी हात झटकून खडू खाली ठेवला. मला वाटलं, पटलं. मग आमच्या शेजारच्या धोंडाबाई उठल्या. भिंतीला भिंत लागून घर असल्यामुळं आमच्या स्वयंपाकघरातली बातमी त्यांच्याकडं आमच्याआधी पोचते.

"सर, तुमचा किती म्हनला?"

"दोन पॉइंट एक."

"मंजी सगळ्यात कमी तुमचाच."

"हो."

"आन् कमी त्ये चांगलं, ह्ये बी तुमीच ठरीवलं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडलो असतो. पण लोकांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. नापास झालेलं पोरगं प्रश्नपत्रिकाच चुकीची होती म्हणतं, तेव्हा मी ज्या नजरेनं बघतो त्याच नजरेनं. झुंबरआबांनी जाता जाता माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या साली वाढंल. मन मारू नका."

पुढच्या आठवड्यात कॉलनीत जे झालं ते मी पर्यावरणाच्या कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. आबांनी ते चार वर्षं बंद असलेलं इंजिन मेस्तरी बोलावून चालू केलं. विहिरीला पाणी नाही, पाइप जोडलेला नाही, पण इंजिन सकाळपासून धडधडतंय आणि आबा शेजारी खुर्ची टाकून समाधानानं बसलेत. एकानं खिडक्या उघड्या टाकून एसी लावला. धोंडाबाईंनी अंगणात चूल मांडली आणि "सर, धूर बी धरा" म्हणून मला हाका मारायला लागल्या. दारात डिझेलच्या पावत्या घेऊन रांग लागली. एक गृहस्थ भवानीनगरच्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टरची पावती घेऊन आले. म्हणाले, घरातलाच माणूस आहे.

मी त्या संस्थेला फोन केला. म्हटलं, तुमच्याकडून कुणीतरी या आणि या लोकांना अर्थ समजावून सांगा, माझ्यावर त्यांचा विश्वास उडालाय. तिकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, त्यासाठी कॉलनीच्या लेटरहेडवर चेअरमनच्या सहीचा अर्ज, ठरावाची प्रत आणि तीन वर्षांची लाइट बिलं लागतील.

"आकडा वाढवून द्यायचा असेल तर मात्र अर्जाची गरज नाही सर," त्या पुढं म्हणाल्या. "लिंक आहे. लोकांची फार मागणी होती म्हणून सुरू केली."

मी फोन ठेवला.

शुक्रवारी गेटवर फ्लेक्स लागला. चांगला माणसाच्या दीडपट उंच. त्यावर गॉगल घातलेला इंद्रजित, मागं जेसीबी आणि मोठ्या अक्षरांत 'कार्बनसम्राट इंद्रजितभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन'. त्याखाली कॉलनीची अख्खी यादी पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत छापलेली, आणि यादीच्या तळाला, जमिनीपासून हातभर उंचीवर, 'मानसिंग सर, २.१'. त्याच्याही खाली 'मार्गदर्शक: मानसिंग सर' असं होतं. मार्गदर्शक आणि ढ एकच माणूस, असं मी तरी दुसऱ्या कुठल्या फ्लेक्सवर वाचलेलं नाही.

त्या दिवशी माझी बायको कौसल्या बाजारातून आली ती पिशवी टाकून खालीच बसली.

"अहो, परवा निरवांगीचे लोक येणार. गेटातनं आत येताना पहिलं ते वाचणार. शेवटून पहिले आपण."

"अगं, कमी असणं चांगलं असतं."

"ते तुम्हाला, मला आणि पोरीला माहिती. तात्यांना काय माहिती? ते म्हणतील, दोन टनाचं घर. आत काहीच नाही."

भिंतीपलीकडून धोंडाबाई म्हणाल्या, "लिवा की वाढवून. पोरीच्या लग्नात कोन खरं बोलतंय? माझी उंचीसुद्धा वाढवून सांगितली हुती."

मी त्या दोघींवर चिडलो. विज्ञान म्हणजे काय बाजार आहे का, असंही बोललो. आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी भरदुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना खिशात व्हाइटनरची बाटली घेऊन मी गेटवर गेलो. सगळ्यात खाली असण्याचा एवढा एकच फायदा, स्टूल लागलं नाही. खाली बसलो, दोन आणि एकच्या मधल्या टिंबावर ब्रश टेकवला आणि दोन पॉइंट एकचे एकवीस झाले. दशांशचिन्ह चुकवलं म्हणून मी आजवर किती पोरांना बाकावर उभं केलं असेल, त्याचा हिशोब नाही.

रविवारी अकरा वाजता निरवांगीची गाडी आली आणि गेटवरच थांबली. कौसल्येला जी भीती होती तेच झालं. म्हस्कूतात्या खाली उतरून, हात पाठीमागं बांधून यादी वरपासून खालपर्यंत वाचत होते. आम्ही तिघं लगबगीनं सामोरे गेलो. सोनम साडीत होती. इंद्रजित, आबा आणि धोंडाबाई आधीच तिथं येऊन उभे होते, कारण पाहुणे आमचे असले तरी फ्लेक्स कॉलनीचा होता.

"एकवीस," तात्या खूश होऊन म्हणाले. "मास्तर असून एकवीस? आन् तुमी म्हनत हुता आमी साधी मानसं. आवी, घर भरल्यालं हाय रं."

मला हायसं वाटलं. दोन सेकंद. कारण अविराजचा चेहरा उतरलेला होता. मी विसरलो होतो, तो ज्या पॅकहाऊसमध्ये काम करतो तिथलं परदेशी गिऱ्हाईक डाळिंबाच्या पेटीपेटीमागं हाच आकडा मागतं. गेटवर जमलेल्या सगळ्यांत, आम्ही तिघं सोडले तर, त्या शब्दाचा अर्थ समजणारा तो एकटा होता.

"सर, तीन माणसांत एकवीस टन?" तो म्हणाला. "सोनमनं मला वेगळाच आकडा सांगितला होता."

त्यानं सोनमकडं बघितलं. रागानं नाही. एखाद्याचं खरं मानून चालावं आणि ते खोटं निघावं, तसं बघितलं. ती गोंधळली. मग खाली वाकून तिनं फ्लेक्सवर बोट फिरवलं, आणि मागं वळून माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडं बघितलं. त्यावर पांढरा ठिपका वाळलेला होता. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तिनं कपाळावरची टिकली काढली आणि दोन आणि एकच्या मधे नीट दाबून बसवली.

"अगं काय करतेस," कौसल्या म्हणाली. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलीनं कपाळ मोकळं केलं होतं.

"दोन पॉइंट एक," सोनम म्हणाली. "मी स्वतः मोजलाय."

अविराजचा चेहरा फुलला आणि त्याच क्षणी तात्यांचा पडला.

"दोन? दोन टनात घर चालतंय व्हय?"

"चालतंय," धोंडाबाई म्हणाल्या. "म्या रोज बघती."

"टिंब मी खोडलं," मी म्हणालो. "पोरीचा काही दोष नाही. तिला माहीतसुद्धा नव्हतं."

सोनमनं अविराजला विचारलं, "तुमच्या घरचा काढलाय का कधी?"

"काढलाय." तो जरा खाली बघून म्हणाला. "सत्तावन्न."

इंद्रजितनं गॉगल काढला. आबांच्या हातातली काठी निसटली. म्हस्कूतात्यांना हे नवीनच होतं. "सत्तावन्न? आपला?" असं म्हणता म्हणता त्यांची छाती वर आली. आबांनी कंबर विसरून पळत जाऊन इंद्रजितच्या घरातून तोच फेटा आणला आणि तात्यांच्या डोक्याला बांधायला सुरुवात केली. लोक मला येऊन भेटायला लागले. "सर, आधी बोलायचं की, पाव्हनं सत्तावन्नाचं हायत म्हनून." आठ दिवस ज्यांनी माझ्याकडं धड बघितलं नव्हतं, ते माझा हात सोडेनात. कौसल्येच्या तोंडावर आठवड्यानंतर हसू आलं.

"मग मला विचार करायला वेळ लागेल," सोनम म्हणाली.

फेट्याचं टोक आबांच्या हातात तसंच राहिलं.

"माझ्या एकटीच्या वाट्याला वर्षाला पाऊण टनसुद्धा येत नाही. सत्तावन्न टनांच्या घरात मला राहता येईल का, ते बघायला हवं. मला अविराज पसंत आहेत. आकडा पसंत नाही."

मी खाली बसलो नाही, कारण बसायला काही नव्हतं. पाहुणे पोहे न खाता गेले. तात्यांच्या डोक्याला अर्धा फेटा तसाच होता. कौसल्या त्यानंतर आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि सोनमचं गुणगुणणं बंद झालं. ती लॅबमधून यायची, जेवायची आणि मोबाईल उलटा करून ठेवायची. एकदा मी तिला म्हणालो, बाई गं, एवढं काय त्या आकड्याचं. ती म्हणाली, "पप्पा, तुम्हीच शिकवलंय."

नवव्या दिवशी फोन वाजला.

"सर, म्हस्कू बोलतोय, निरवांगीहून. त्रेपन्न झालं."

मला आधी काही कळेना.

"पाचाट जाळायचं बंद केलं. कुट्टी करून रानातच टाकलं. ऊस बघाय जीपनं जायचो, आता चालत जातोय, गुडघं बोलाय लागल्यात. गावात त्वांड दाखवाय जागा न्हाय, लोक म्हनत्यात तात्याचं टनेज घटलं. पर काय करू, पोरगं जेवंना झालंय." मग हळूच विचारलं, "पन्नासला व्हय म्हनंल का तुमची?"

सव्वीस वर्षांत नववीच्या एकाही पोरानं या संज्ञेचा इतका अचूक वापर केलेला नाही. मी फोनवर हात ठेवून सोनमला सांगितलं. ती पातेलं घासत होती. हात तसेच ओले ठेवून ती दारात आली.

"त्यांना सांगा, मोजायला मी स्वतः येते," ती म्हणाली, आणि आत वळता वळता गुणगुणायला लागली.

मी तात्यांना तसं सांगितलं.

"येऊ द्या की. पोरगी बी येऊ द्या आन् तुमी बी या," तात्या म्हणाले. "पर सर, काटा मारायचा न्हाय."

"नाही मारत," मी म्हणालो. मग फोन ठेवला आणि कौसल्येला म्हटलं, बाजारात गेलीस की पोरीला टिकल्यांचं नवं पाकीट आण.